कानाडोळा

हाडांचा डॉक्टर म्हणून साताऱ्यात चाळीस वर्षं काढलेला माझा मित्र हल्ली दर गुरुवारी वाईला येतो. मी इथेच शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. पाचवी ते दहावी आम्ही एका निवासी शाळेत, एकाच खोलीत वाढलो. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला डॉक्टर. खरी नावं आता फक्त पेन्शनच्या आणि बँकेच्या कागदांवर उरली आहेत. गणपती घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शेंगा खातो आणि भांडतो. भांडणाचा विषय तो आणतो, शेंगा मी.

या खेपेला त्याने एक पुस्तक आणलं. जॉन नोल्सची ‘अ सेपरेट पीस’. अमेरिकेतल्या शाळांमधून ही कादंबरी वर्षानुवर्षं मुलांना वाचायला लावतात. डॉक्टरचा नातू न्यू जर्सीला नववीत शिकतो. तो सुट्टीला आला आणि पुस्तक इथेच विसरून गेला. त्याच्या बाईंनी वर्गाला एक प्रश्न घातला होता : जीनने फिनीला मुद्दाम पाडलं का? नातवाने ‘हो आणि नाही’ असं लिहिलं, बाईंनी निम्मे मार्क दिले. आजोबांचं म्हणणं, पूर्ण द्यायला हवे होते. मी म्हटलं, शून्य द्यायला हवं होतं. झालं, गुरुवार सत्कारणी लागला.

न वाचलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. १९४२ चा उन्हाळा. न्यू हॅम्पशायर राज्यातली डेव्हन नावाची मुलांची निवासी शाळा. महायुद्ध पेटलेलं, वरच्या वर्गातली मुलं भरती व्हायच्या तयारीत. जीन अभ्यासातला हुशार, दक्षिणेकडून आलेला. फिनियस ऊर्फ फिनी बोस्टनचा, मैदानावरचा राजा. दोघं सोळा वर्षांचे, एकाच खोलीत राहणारे. नदीकाठी एक उंच झाड आहे. बुडत्या जहाजावरून उडी कशी घ्यायची याचा सराव म्हणून मोठी मुलं त्याच्या फांदीवरून पाण्यात उड्या टाकतात. फिनी वय झालं नसताना उडी टाकतो, जीनलाही टाकायला लावतो आणि उडी मारणाऱ्यांचं एक मंडळच काढतो. एका संध्याकाळी दोघांनी जोडीने उडी घ्यायचं ठरतं. दोघं फांदीवर असताना फांदी हलते. फिनी काठावर आदळतो, पायाच्या हाडाचा चुरा होतो. फांदी हलवलेली असते जीनने. त्या एका हेलकाव्याचा हिशेब पुढे पुस्तकभर चालतो.

मी : शून्य अशासाठी, की यात ‘नाही’ला जागाच नाही. पोरगं मत्सराने आंधळं झालं आणि त्याने मित्राला पाडलं. नोल्सने काही लपवलेलं नाही.

डॉक्टर : लपवलंय. ते वाक्य काढून बघ. जीन पुढे सरकतो, त्याचे गुडघे वाकतात आणि मग तो फांदी हलवतो. ‘मी गुडघे वाकवले’ असं तो कुठे म्हणतो? गुडघे आपले आपण वाकले. मी चाळीस वर्षं गुडघे बघतोय, ते बऱ्याचदा मालकाला न विचारता वागतात.

मी : हे तू इंग्रजी व्याकरणाचं नवल सांगतोस? आपल्या घरात कप कधी कुणी फोडलाय का? कप ‘फुटतो’. दूध ‘उतू जातं’. फार झालं तर ‘माझ्या हातून झालं’. बारा वर्षांचं पोरसुद्धा कर्ता गाळायला बरोबर शिकतं. जीनने तेच केलंय. आणि त्यापुढचं वाक्य तू सोडलंस. फिनी खाली पडल्यावर जीन काय करतो? सरळ फांदीच्या टोकाला जातो आणि नदीत उडी मारतो. ज्या उडीची त्याला उन्हाळाभर धास्ती होती, ती त्या क्षणी मुळीच वाटली नाही. गुडघ्यांचा दोष असता तर तो तिथेच थिजला असता. भीती गेली याचा अर्थ काहीतरी मोकळं झालं.

डॉक्टर : हे मान्य. पण काय मोकळं झालं? तू म्हणतोस मत्सर. मला तो शब्द ओबडधोबड वाटतो.

मी : मराठीत त्याच्या आजूबाजूला बरेच शब्द आहेत, कुठला हवा तो घे. हेवा घे. ‘मला तुझा हेवा वाटतो’ असं आपण तोंडावर म्हणू शकतो, समोरच्यालाही गुदगुल्या होतात. ईर्ष्या तर शाळेत कौतुकाने सांगतात, पोरगा ईर्ष्येनं अभ्यासाला लागला म्हणून. पण ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी कुणाला तोंडावर म्हटलेलं ऐकलंयस? तो षड्रिपूंच्या यादीत शेवटी उभा आहे आणि सगळ्यांत एकलकोंडा आहे. काम, क्रोध, लोभ यांत क्षणभर तरी सुख असतं. मत्सरात तेही नाही.

डॉक्टर : मग जीनची सुरुवात हेव्याने होते, हे तरी मान्य कर. फिनी गुलाबी शर्ट घालून हिंडतो. शाळेचा टाय पट्ट्यासारखा कमरेला बांधून समारंभाला जातो आणि मास्तरांसमोर असं काही बोलतो, की रागावायला आलेले मास्तर हसतात. जीन ते बघतो. त्याला वाटतं, हे मी केलं असतं तर मला शिक्षा झाली असती. इथे हेवा आहे, पण कौतुकही आहे.

मी : आणि पोहण्याच्या तलावावरचा प्रसंग. भिंतीवर शाळेच्या विक्रमाची पाटी आहे. फिनी सराव नसताना पाण्यात उतरतो आणि तो विक्रम मोडतो. हजर एकटा जीन, घड्याळ घेऊन. तो म्हणतो, उद्या सगळ्यांसमोर पुन्हा कर. फिनी म्हणतो, नको, आणि कुणाला सांगूही नकोस. मोडता येतो का एवढंच त्याला बघायचं होतं.

डॉक्टर : हेच. असा माणूस खोलीत ठेवून तू राहून दाखव. बक्षीस घेऊन मिरवणारा मित्र परवडतो, त्याला चार शिव्या देता येतात. बक्षीसच नको म्हणणाऱ्याला काय देणार?

मी : म्हणजे निर्मळ असणं हा फिनीचा गुन्हा?

डॉक्टर : निर्मळ आहे की बेफिकीर? समुद्रावरची रात्र आठव. दुसऱ्या दिवशी जीनचा त्रिकोणमितीचा पेपर. फिनी त्याला सायकलवरून तास न् तास लांब समुद्रावर घेऊन जातो, रात्री वाळूत झोपतात. सकाळी परत येऊन जीन पेपर देतो आणि नापास होतो. आयुष्यातला पहिला नापास पेपर. फिनीने विचारलं का, तुला अभ्यास आहे का म्हणून?

मी : त्याच रात्री फिनी त्याला सांगतो, की माझा सगळ्यांत जवळचा मित्र तू आहेस. सोळाव्या वर्षी, मुलांच्या शाळेत, एवढं उघडं बोलायला छाती लागते. जीनला उलट तेवढंच म्हणायचं होतं, ते त्याला जमलं नाही.

डॉक्टर : फिनीला बोलणं सोपं होतं. ज्याला कधी काही कमी पडलं नाही, तो मोकळेपणाने प्रेम करतो. तू महाभारत शिकवायचास ना? आदिपर्वात भीमाचं काय आहे?

मी : कुठलं?

डॉक्टर : कौरव पोरं फळं काढायला झाडावर चढायची आणि भीम खाली येऊन झाडाला लाथ मारायचा. फळांबरोबर पोरं पटापट खाली. व्यास म्हणतात, त्याच्या मनात द्वेष नव्हता, पोरकटपणा होता. असेल. पडणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? पुढे दुर्योधनाने भीमाला विष घालून वेलींनी बांधला आणि गंगेत टाकला. झाड, नदी, दोन पोरं. अमेरिकेत जायची गरजच नाही. फक्त तिथे झाड हलवलं ताकदवानाने आणि इथे हलवलं दुसऱ्याने. भीमाच्या खेळाला आपण खेळ म्हणतो आणि दुर्योधनाच्या उत्तराला पाप. मी दुर्योधनाची वकिली करत नाही. पण खेळाचे नियम दर वेळी भीमच ठरवतो, हे लक्षात घे. फिनीही तेच करतो. उन्हाळ्यात नवा खेळ काढतो, नियम त्याचे. मंडळ काढतो, रोज रात्री पहिली उडी जीनने आणि त्याने मारायची, हाही त्याचाच नियम. जीन ‘नको’ म्हणू शकत नाही.

या ठिकाणी डॉक्टरने माझ्या पुढ्यातल्या सोललेल्या शेंगा उचलल्या. मी काही बोललो नाही. साठ वर्षांची सवय आहे.

मी : भीमाचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. दुर्योधनाला भीमाने खरंच पाडलं होतं. जीनला फिनीने कुठे पाडलं? जीनने ते मनात रचलं. पेपर गेल्यावर त्याने सिद्धांत मांडला : फिनीला माझं पहिलं येणं खुपतंय, म्हणून हा मुद्दाम मला अभ्यासातून उठवतो. समुद्र, मंडळ, खेळ, सगळं कारस्थान. संस्कृतात याला असूया म्हणतात, दुसऱ्याच्या गुणात दोष शोधणं. फिनीचं प्रेम हाच जीनला पुरावा वाटायला लागला. हेव्यापासून मत्सरापर्यंत जायचा रस्ता या असूयेवरून जातो.

डॉक्टर : आणि त्या सिद्धांतावर तो खूश असतो! हे फार खरं लिहिलंय. तोही माझ्यावर जळतो, मीही त्याच्यावर जळतो, म्हणजे आपण सारखे. त्याला हायसं वाटतं. अभ्यासाला जोर चढतो. वर्गातला पहिला नंबर काढायचा म्हणजे फिट्टंफाट. इतकंच नाही, या काळात दोघांचं उत्तम चाललेलं असतं.

मी : मग काय बिघडलं? सांग ना, बिघडलं कुठे?

डॉक्टर : परीक्षेच्या आदल्या रात्री. फिनी बोलवायला येतो, चल, आज आपल्या वर्गातला लेपर उडी मारणार आहे. जीन चिडतो, मला अभ्यास आहे म्हणून. आणि फिनी अगदी साधेपणाने म्हणतो, की तुला अभ्यास करावा लागतो हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, जसं मला खेळ येतात तसं तुला हे आपोआप येतं. मग तू बस अभ्यासाला.

मी : हो. त्या वाक्याशी मी कायम थांबायचो. वर्गात शिकवलं नाही कधी, आपल्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण स्वतःसाठी थांबायचो.

डॉक्टर : जीनचा सिद्धांत तिथे कोसळला. फिनी कधी जळलाच नव्हता. त्याच्या डोक्यात शर्यतच नव्हती. म्हणजे इतके दिवस जळत होता तो एकटा जीन. पुस्तकं टाकून तो फिनीच्या मागे झाडाकडे जातो आणि थोड्याच वेळात गुडघे वाकतात. आता मला सांग मास्तर, हा मत्सराचा कळस आहे का? मत्सर होता तेव्हा फांदी शांत होती. समोरचा आपल्याइतका हीन नाही हे कळल्यावर फांदी हलली.

मी : म्हणजे तुझ्या मते जीनने फिनीला हरवायला पाडलं नाही, बरोबरीला आणायला पाडलं.

डॉक्टर : हां. आता खरं बोललास. पाडल्यावर तो काय करतो? खोलीत जातो, फिनीचा गुलाबी शर्ट अंगावर चढवतो आणि आरशासमोर उभा राहतो. आरशात त्याला फिनी दिसतो. ज्याच्यावर नुसता राग असतो, त्याचे कपडे कुणी घालत नाही.

हे ऐकून मी थोडा गप्प झालो. मी चाळीस वर्षं ही कादंबरी पापाची आणि प्रायश्चित्ताची म्हणून वाचली. डॉक्टर ती हाडाच्या जोडासारखी वाचत होता : दोन टोकं कुठे जुळत नाहीत ते बघत. पण मी सहजासहजी हार मानणारा नाही.

मी : ठीक. पण मग फिनी म्हणजे पुतळा झाला. ज्याला मत्सर शिवत नाही तो माणूस कसला? तुझ्या सिद्धांतात तो जीनला छळणारा देव आहे, माझ्यात तो बळी. दोन्हीकडे लाकडीच.

डॉक्टर : तो माणूस आहे, हे शेवटी कळतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेने सक्तीच्या भरतीचं वय वीसवरून अठरावर आणलं. म्हणजे या पोरांना शाळेच्या दरवाजाबाहेर थेट युद्ध. फिनीचा पाय गेलेला. कुबड्या घेऊन परत येतो आणि जाहीर करतो, की युद्ध वगैरे काही नाही, जाड्या म्हाताऱ्यांनी तरुणांना दाबायला काढलेली थाप आहे. जीनला तो १९४४ च्या ऑलिंपिकसाठी तयार करायला लागतो. लंडनला व्हायचं होतं ते, युद्धामुळे झालंच नाही. पण फिनी पोराला थंडीत पहाटे धावायला लावतो.

मी : स्वतः धावू शकत नाही म्हणून. स्वतःच्या पायांऐवजी मित्राचे पाय.

डॉक्टर : आणि शेवटी, दवाखान्यात, तो कबूल करतो, की हिवाळाभर तो लष्कराला, नौदलाला, कॅनडाला पत्रं लिहीत होता. द गॉलला लिहिलं, चँग कै-शेकला लिहिलं, आता रशियाला लिहिणार होता. कुणीही घ्या मला. सगळीकडून नकार. म्हणून युद्धच नाही असं ठरवलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. हा हेवा नाही तर काय आहे? आपले सवंगडी जिथे जाणार तिथे आपण जाऊ शकत नाही, याचा.

मी : पण त्यातून त्याने कुणाला पाडलं नाही.

डॉक्टर : नाही पाडलं. हाच फरक आणि तो मोठा आहे, मान्य. त्याने स्वतःशीच खोटं बोलून घेतलं. जीन त्याला म्हणतो तेही खरंच, की तू युद्धात गेला असतास तरी काही उपयोग नव्हता. पलीकडच्या सैनिकांशी दोस्ती करून बेसबॉल खेळत बसला असतास, गणवेश बदलून घेतले असतेस.

मी : म्हणूनच शेवटी जीन म्हणतो, की सगळे जण कुठल्यातरी शत्रूविरुद्ध आयुष्यभर तटबंदी बांधत बसतात, एक फिनी सोडून. आणि तो तर पंचविशीही न बघता गेला.

डॉक्टर : त्या मरणाबद्दल मला व्यवसायाने बोलायचा हक्क आहे. आधी तो खटला आठव. ब्रिंकर नावाचा पुढारी पोरगा रात्री सभागृहात सगळ्यांना बोलावतो, फांदी कुणी हलवली याची चौकशी म्हणून. साक्षीला लेपर, जो सैन्यात गेला आणि डोक्यावर परिणाम होऊन पळून आला. फिनीला ते सहन होत नाही. तो उठून चालायला लागतो आणि संगमरवरी जिन्यावरून पडतो. तोच पाय. या वेळी साधं मोडलेलं हाड. डॉक्टर म्हणतात, सोपं आहे, बसवू. हाड बसवताना मज्जा रक्तात उतरते, हृदय थांबतं, पोरगा जातो.

मी : हे होऊ शकतं?

डॉक्टर : लांब हाड मोडलं की आतली चरबी रक्तात जाऊ शकते. पण बहुधा ती फुप्फुसात अडकते आणि त्रास एक-दोन दिवसांनी सुरू होतो. तरी त्या काळाला धरून ठीक आहे. आज मी असल्या हाडात सळई घालतो, तिसऱ्या दिवशी उभा करतो. गंमत म्हणजे ती सळई तेव्हा निघाली होती. जर्मनीत, क्युंत्शर नावाच्या सर्जनने १९३९-४० च्या सुमारास. दोस्त राष्ट्रांना ती कळली कशी, तर जर्मन कैदेतून सुटून आलेल्या आपल्या सैनिकांच्या मांडीत सळया दिसल्या म्हणून. फिनीचा पाय वाचवणारी गोष्ट शत्रूच्या दवाखान्यात होती. नोल्सला हे माहीत असायचं कारण नाही, पण मला ते पान वाचताना तेच आठवत राहिलं.

मी : नोल्सला काय माहीत होतं ते सांगतो. तो वेस्ट व्हर्जिनियाचा, १९२६ चा जन्म. न्यू हॅम्पशायरच्याच फिलिप्स एक्झिटर या शाळेत शिकला. तेव्हा ती फक्त मुलांची शाळा होती. गावातून एक्झिटर नदी येते आणि धबधब्याखाली तीच भरतीच्या पाण्याची स्क्वॉमस्कॉट होते. पुस्तकात तशाच दोन नद्या आहेत, वर गोडी आणि खाली खाडीची. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे खरंच झाडावरून उड्या मारणाऱ्यांचं मंडळ होतं आणि नोल्स त्यात होता. फिनी बेतला डेव्हिड हॅकेट नावाच्या मुलावर. तो दुसऱ्या शाळेतून उन्हाळ्यापुरता आलेला, रॉबर्ट केनेडींचा दोस्त. पुढे केनेडींचा जवळचा सहकारी झाला आणि म्हातारा होईपर्यंत जगला. ब्रिंकर बेतला लेखक गोर व्हिदालवर, तोही त्याच शाळेचा.

डॉक्टर : म्हणजे खरा फिनी मेला नाही?

मी : पडलाही नाही. नोल्सने नंतर लिहिलं, की त्या खऱ्या उन्हाळ्यात राग, हिंसा, द्वेष यांतलं काही नव्हतं. होती ती मैत्री आणि मैदान. बाकीचं त्याने आणलं. पुस्तक १९५९ साली आधी लंडनला निघालं, मग पुढच्या वर्षी अमेरिकेत.

डॉक्टर : मग हे त्याने आणलं कुठून? ज्या उन्हाळ्यात काही झालं नाही, त्यात पंधरा वर्षांनी खून कोण घालतो?

मी : तूच सांग, तू डॉक्टर आहेस.

डॉक्टर : ज्याला तेव्हा जाणवलं आणि बोलता आलं नाही, तो. बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीत बघ. बाहेर आणीबाणी, आत नववीतली पोरं. त्यांचंही सगळं आपसात चाललेलं असतं, टोमणे, शिव्या, कोण कुणाच्या मागे. पण ती पोरं बोलतात. बांधकामावर बसून एकमेकांची रेवडी उडवतात. डेव्हनची पोरं सभ्य. तिथे मनातलं बाहेर यायला एक रात्रीचा खटला लागला, तोही कोर्टाचं नाटक करून.

ऊन उतरलं होतं. ढोल्या गणपतीच्या देवळात आरतीची तयारी चालू होती. मला माझा शेवटचा मुद्दा आठवला, जो मी इतका वेळ राखून ठेवला होता.

मी : तू फिनीला बेफिकीर म्हणालास. मग हे घे. अपघातानंतर जीन दवाखान्यात जातो. फिनी सांगतो, पडताना मी तुझ्याकडे बघितलं होतं, तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. त्याला शंका आली होती. आणि लगेच तो काय करतो, तर मित्राबद्दल असा विचार मनात आला म्हणून जीनचीच माफी मागतो. पुढे जीन त्याच्या घरी बोस्टनला जाऊन कबुली देतो, तेव्हा तो ऐकूनच घेत नाही. याला बेफिकिरी म्हणत नाहीत. याला कानाडोळा म्हणतात. कळूनसवरून न बघणं. मैत्री त्यावर चालते. फिनीने ते अखेरपर्यंत केलं, म्हणून तो मोठा.

डॉक्टर : छान शब्द काढलास. कानाडोळा. पण तो एकट्याने केला की त्याचं ओझं होतं रे. ज्याच्याकडे कानाडोळा केलाय, त्याला शिक्षाही मिळत नाही आणि सुटकाही. कबुली घेऊन आलेल्या माणसाला ‘तू असं केलंच नाहीस’ म्हणणं, हीसुद्धा एक दादागिरी आहे.

मी : तुला नाही कळणार. तू कायम पहिला यायचास.

हे माझ्या तोंडून निघालं. माझ्या तोंडून, म्हणजे बघा, मीसुद्धा कर्ता गाळतोय. मी ते बोललो. आणि बोललोच आहे तर म्हटलं पुढचंही बोलून टाकावं.

मी : दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी तुझी भूमितीची वही हरवली होती.

डॉक्टर : हरवली नव्हती. तुझ्या ट्रंकेत होती. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याच्याखाली.

मी : तुला...

डॉक्टर : त्याच आठवड्यात कळलं. नखं कापायला कात्री शोधत होतो.

मी : मग बोलला का नाहीस?

डॉक्टर : तुझी आई शनिवारी एसटीने डबा पाठवायची. कंडक्टरकडून आपण दोघं तो आणायला जायचो. थालीपीठ, लसणाची चटणी, कधी करंज्या. भांडलो असतो तर डबा गेला असता.

पन्नास वर्षं मी या गोष्टीवरून स्वतःला जीन समजत आलो होतो. मला माफ करणारा कुणी फिनी आहे की नाही, याचा विचार करत आलो होतो. आणि फिनीचं कारण काय, तर करंज्या.

मी : तरी तूच पहिला आलास.

डॉक्टर : दुसरी वही केली. चार रात्री गेल्या. त्यामुळे पाठच झालं सगळं.

मी : राग नाही आला?

डॉक्टर : आला की. तुझी सायकल आठवते? त्या वर्षी तुझ्या मागच्या चाकात हवा टिकायची नाही.

मी : ट्यूबमध्ये बारीक पंक्चर होतं. तीन वेळा पाण्यात बुडवून बघितलं, सापडलंच नाही.

डॉक्टर : सापडणार कसं? व्हॉल्व्ह मी सैल करायचो. रोज सकाळी, तू अंघोळीला गेलास की.

मी हसायला लागलो आणि मग थांबता येईना. घाटावर निर्माल्य गोळा करणारी बाई आमच्याकडे बघायला लागली. मार्च महिनाभर मी ती सायकल ढकलत नेली होती आणि हा शेजारून चालत होता, दप्तर धरायला मदत करत होता.

डॉक्टर : आता फिनीकडे ये. त्या बिचाऱ्याने एकदा तरी जीनच्या चाकातली हवा काढली असती, तर फांदी हलली नसती, असं माझं मत आहे. जीनला तेवढंच हवं होतं. समोरचाही आपल्याच मातीचा आहे, एवढा पुरावा.

मी : हे नातवाला कसं सांगणार? बाईंना पटणार नाही. शिवाय सायकलीच्या हवेला मार्क नसतात.

डॉक्टर : पण प्रश्नाचं काय? मुद्दाम केलं का?

मी : हो. मुद्दाम केलं. माझं शून्य कायम आहे.

डॉक्टर : वहीसारखंच?

मी : वहीसारखंच. वहीला माझे हात आपोआप लागले नव्हते.

डॉक्टरने मान हलवली. ‘नाही’ हा शब्द त्याने मागे घेतला की नाही, हे मी विचारलं नाही. सालं झटकून आम्ही उठलो. त्याच्या गुडघ्याने आवाज केला, त्याकडे आम्ही दोघांनी कानाडोळा केला. पायऱ्या चढताना मला आठवलं, की त्याचा नातू शाळेच्या पोहण्याच्या संघात आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरने त्याच्या पदकांचे फोटो दाखवले होते. पाच फोटो आणि पाचही फोटोंत मधल्या उंच चौथऱ्यावर तोच.

मी : त्याला फोन करशील तेव्हा एक विचार. शेजारच्या लेनमध्ये कोण पोहतं?

डॉक्टर : म्हणजे?

मी : नाव विचार त्या पोराचं. नाव माहीत असलं तर काळजी नाही.